डाएट न करता खान्देशी घरात सकस खाणं कसं रुजवावं

डाएट सुरू झालं की बहुतेक घरांत ओट्यावर दोन स्वयंपाक होऊ लागतात. एकासाठी उकडलेल्या भाज्या, ओट्स, काकडी-गाजर आणि बाकीच्यांसाठी भाकरी, शेवभाजी, ठेचा. दोन-चार आठवडे हे कसंबसं चालतं. मग पाहुणे येतात, लग्नसराई लागते किंवा कापूस वेचणीचे दिवस येतात. दुसरा स्वयंपाक करायला कुणालाच उसंत मिळत नाही आणि डाएट तिथंच संपतं. त्यात मनाच्या दुबळेपणाचा भाग फार थोडा असतो. वजन भराभर उतरवलं की शरीरात भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. त्यामुळं उपाशी राहून उतरवलेले किलो परत चढतात.

टिकतं ते वेगळंच. पिठाचा डबा, तेलाचा डबा, फोडणीची पळी आणि बाजाराची पिशवी या चार गोष्टी अख्ख्या घरासाठी बदलल्या की कुणाचंच ताट वेगळं काढावं लागत नाही. खान्देशी स्वयंपाकात त्यासाठी लागणारं सगळं आधीपासून आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, डाळीचे वाफवलेले फुनके, भरीत, अंबाडीची भाजी हे पदार्थ कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात बसतील. बिघडली आहेत ती मापं. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसासाठी ठरलेली भाकरी आणि तर्री आज दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याच्या ताटात तशीच पडते आहे.

पहिले सात दिवस काही बदलू नका, फक्त मोजा

एक स्वयंपाकाचा वजनकाटा आणा. ५ किलोपर्यंत मोजणारा साधा काटा पुरतो. मग हे करा.

फोडणीची पळी पाण्यानं भरून काट्यावर मोजा. पाण्याचं एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. पुष्कळ घरांतली पळी ३० ते ४० मिली भरते, म्हणजे "दोनच पळ्या घातलं" असं म्हणताना ६० ते ८० मिली तेल गेलेलं असतं. भाकरीचा गोळा थापण्याआधी तोही मोजा. तेलाच्या डब्यावर आणि मिठाच्या पुडीवर फोडल्याची तारीख पेनानं लिहा. चहाचे कप आणि प्रत्येक कपातली साखर एका कागदावर मांडा. शेवटी कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपनं घ्या, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर घेर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. वजनापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो.

तुलनेसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलेलं ताट घ्या. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. धान्य, डाळी आणि भाज्यांची ही वजनं कच्च्या मालाची आहेत. पुढचे सगळे हिशेब चार मोठ्या माणसांच्या घराचे आहेत. अंगमेहनत करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं, तेव्हा शेतात जाणाऱ्याचं ताट कमी करू नका.

पीठ: कळण्याकडे परत

आधी एक गैरसमज काढून टाकू. ज्वारीच्या आणि गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात, ३३० ते ३५० च्या आसपास. "मी पोळी सोडली, आता भाकरीच खातो" म्हणणाऱ्याचं वजन उतरत नाही ते यामुळं. ज्वारीनं रक्तातली साखर वाढत नाही हेही खरं नाही. दोन मोठ्या भाकऱ्यांनी ती चांगलीच वाढते. भाकरीची खरी बाजू अशी की तिला तेल-तूप लावावं लागत नाही, चोथा भरपूर मिळतो आणि चावून खावी लागत असल्यानं हात आपोआप सावकाश चालतो.

या बाजूत प्रथिनांची भर घालतो तो उडीद. ४ किलो ज्वारीला (दादर जातीची मिळाली तर उत्तम) १ किलो सालासकट काळे उडीद घ्या. दोन्ही निवडून, एक दिवस ऊन दाखवून एकत्र दळून आणा. पुष्कळ घरांत दळतानाच खडे मीठ टाकायची रीत आहे. ते मात्र थांबवा, कारण पिठात गेलेल्या मिठाचा हिशेब लागत नाही. मीठ मळताना चिमटीनं घाला. हे ५ किलो पीठ चार जणांना साधारण आठवडाभर पुरतं आणि आणावंही तेवढंच. ज्वारीचं पीठ पडून राहिलं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग बाई वैतागून पोळीकडे वळते. भाकरी घरातून जायला बहुतेक वेळा जुनं पीठच कारणीभूत असतं.

एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरा. ५० ते ५५ मिली कडकडीत गरम पाणी लागतं आणि गोळा ११० ग्रॅमच्या आसपास भरतो. आधी अर्धं पाणी घालून पीठ चमच्यानं कालवा, हात लावण्याजोगं झालं की उरलेलं पाणी थोडं थोडं घालत तळव्याच्या टाचेनं तीन-चार मिनिटं रगडा. उडदामुळं कळण्याचं पीठ चिकट होतं, म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा पाणी किंचित कमी घाला. तवा पुरेसा तापलेला नसेल तर भाकरी वातड होते. पाण्याचा हात फिरवल्यावर वरचं पाणी पूर्ण सुकू दिलं तर तडे जातात, ओलसर असतानाच उलटा.

घरोघरी थापली जाणारी मोठी भाकरी ९० ते १०० ग्रॅम पिठाची असते. दोन्ही वेळेला अशा दोन-दोन खाल्ल्या तर नुसतं भाकरीचंच पीठ ३६० ग्रॅमच्या पुढं जातं. ६० ग्रॅमच्या तीन भाकऱ्या दिवसभरात खाल्ल्या तर १८० ग्रॅम होतात, पोहे आणि भातासाठी ७० ग्रॅमची जागा उरते. या तीन भाकऱ्यांतून ३६ ग्रॅम उडीदही पोटात जातो. डाळीच्या कोट्याचा जवळजवळ निम्मा भाग न बोलता भरला. आठवडाभर गोळे मोजले की हाताला माप कळतं, पुढं काटा लागत नाही.

उडीद जड पडतो अशी तक्रार येईल आणि ती खरी असते. ज्यांच्या पोटाला सवय नाही त्यांनी पहिले दोन आठवडे ४ किलोला अर्धाच किलो घालावा.

तेल: इथं सगळ्यात जास्त चुकतं

दर माणशी २७ ग्रॅम म्हणजे चार जणांना महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर, तेही तूप-लोणी धरून. १५ किलोचा डबा आणणाऱ्या घरानं सरळ तारीख बघावी: तो डबा साडेचार महिने पुरायला हवा. दोन महिन्यांत तळ दिसत असेल तर बाकीचं काहीही बदलण्याआधी इथं हात घाला. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, मग ते शेंगदाण्याचं असो, घाण्याचं असो की साजूक तूप.

एकदम निम्मं करू नका. जेवणारे दुसऱ्याच दिवशी "आज भाजीला चवच नाही" म्हणतात आणि प्रयोग बंद पडतो. दर पंधरा दिवसांनी चौथा हिस्सा कमी करा. जिभेला तो फरक फारसा कळत नाही. पळी डब्यातून काढून टाका आणि तिच्या जागी १५ मिलीचा मोठा चमचा ठेवा. एवढ्यानंच पुष्कळ काम होतं.

शेवभाजीचंच घ्या, कारण ती सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही, खान्देशात कुणी सोडणार नाही. चार जणांच्या भाजीत पाव किलो शेव आणि आठ-दहा मोठे चमचे तेल सहज जातं. शेवेच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५५० कॅलरी असतात, तेव्हा दोन्ही मिळून दोन हजारांच्या पुढं आकडा जातो, भाकरी वेगळीच. त्याऐवजी १०० ग्रॅम शेव, ३ मोठे चमचे तेल आणि एक मोठी वाटी मोड आलेली, शिजवलेली मठ (मटकी).

दोन मध्यम कांदे सालासकट थेट आचेवर किंवा निखाऱ्यात काळे होईपर्यंत भाजा. तेलात परतायचे नाहीत. ३० ग्रॅम सुकं खोबरं कोरड्या तव्यावर खमंग करा. कांदे सोलून खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि कोथिंबिरीच्या काड्यांसह अगदी बारीक वाटा. वाटण जाडसर राहिलं तर रस्सा फुटीर होतो आणि मग तो दाट करायला तेल ओतावंसं वाटतं. मंद आचेवर तेलात वाटण टाका. ते भांड्याला धरू लागलं की तेल वाढवायचं नाही, दोन चमचे गरम पाणी शिंपडून खरवडून घ्यायचं. असं तीन-चार वेळा, दहा-बारा मिनिटं. खोबऱ्याचं स्वतःचं तेल सुटून कडेनं दिसू लागलं की दोन चमचे काळा मसाला घालून मिनिटभर परता, मठ घाला आणि एक लिटर उकळतं पाणी ओता. पाणी गार असेल तर तर्री वर येत नाही, रंगही मरतो. आठ-दहा मिनिटं उकळू द्या. शेव पातेल्यात टाकायची नाही, प्रत्येकाच्या वाटीत जेवायला बसताना २५ ग्रॅम टाकायची. पातेल्यात घातलेली शेव रस्सा पिते, फुगते, मग वरून आणखी घातली जाते.

भरीत तर मुळातच मापात बसणारं आहे. चिरलेलं कच्चं वांगं तेल शोषून घेतं, भाजलेलं तसं शोषत नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरिताचं वांगं मोठं, कमी बियांचं आणि गरदार असतं. १ किलो वांग्यांना २ मोठे चमचे तेल, ५० ग्रॅम शेंगदाणे, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि कांद्याची पात हातसैल घातली तर चवीत काही उणं पडत नाही. बिघडतं ते पुऱ्यांमुळं. भरितासोबत कळण्याची भाकरी घ्या.

तळणीच्या जागी वाफवण ठेवायला खान्देशात फुनके आहेत आणि ते आजकाल फारच कमी घरांत होतात, याचं वाईट वाटतं. एक वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी हरभराडाळ चार-पाच तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा आणि पाणी न घालता जाडसर वाटा. बारीक चिरलेला कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, जिरं, हळद, कोथिंबीर, मीठ आणि एक छोटा चमचा तेल मिसळा. मुठीत दाबून लांबट मुटके करा आणि तेलाचं बोट फिरवलेल्या चाळणीत ठेवून २० मिनिटं वाफवा. वाटताना पाणी घातलं तर ते बसतात, फार बारीक वाटलं तर आतून घट्ट आणि चिकट होतात. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. ताकाच्या कढीबरोबर चौघांचं एक जेवण होतं.

बाजाराची पिशवी

४०० ग्रॅम भाजी म्हणजे चौघांना रोज १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याला ११ किलो. आठवडी बाजारातून चार-पाच किलो भाजी आणणाऱ्या घरात ताटात भाजी वाढायची इच्छा कितीही असली तरी वाढणार कुठून? आधी पिशवी मोठी करा. हिवाळ्यात मेथी, पोकळा, शेपू, अंबाडी, पात स्वस्त असते. उन्हाळ्यात पालेभाजी महागते, तेव्हा गिलके (घोसाळी), दोडके, गंगाफळ (लाल भोपळा), दुधी, गवार यांच्यावर भर द्या. भज्यांसाठी आणलेल्या गिलक्यांची मुगाची डाळ घालून पातळ भाजीही सुरेख होते.

डाळींचाही असाच हिशेब करा. दर माणशी ८५ ग्रॅमनं महिन्याला १० किलो लागतात, त्यात कळण्याचा उडीद आणि पिठल्याचं बेसन धरून. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांनी त्या दिवशी डाळ त्या मानानं कमी करावी.

ताट वाढताना क्रम बदला. काकडी, मुळा, कांदा, टोमॅटो असं जे काही कच्चं असेल ते चिरून भाकरी येण्याआधी समोर ठेवा. भुकेल्या माणसापुढं जे आधी येतं ते संपतं. मग भाजी-डाळ, भाकरी शेवटी. दोन्ही वेळेला हे जमलं तर तिसऱ्या भाकरीची आठवण कमी होते.

केळी घरची किंवा शेजारच्या बागेतली असतील तर रोज एक खुशाल खा. त्यात १०० कॅलरींच्या आसपासच असतात. केळ्याचे तळलेले वेफर्स ही मात्र वेगळी वस्तू, ती फरसाणात मोजा.

साखर, मीठ, मे महिना

दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर. दर पंधरा दिवसांनी कपामागं पाव चमचा कमी करा, तीन-चार महिन्यांत अर्ध्या चमच्यावर याल. गुळाच्या चहाला सूट नाही, गुळात कॅलरी साखरेइतक्याच.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं. चौघांना १ किलोची पुडी किमान ५० दिवस पुरली पाहिजे. प्रत्यक्षात त्याहून जास्त पुरायला हवी, कारण पापड, बिबडे, लोणचं आणि शेव यांतलं मीठ या पुडीतून येत नाही. ठेचा घरी करता, तेव्हा त्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळा.

पारा ४४-४५ वर गेला की जेवण जात नाही आणि थंड पेयांच्या बाटल्या फ्रीजमध्ये भरतात. एका ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. त्या जागी पातळ ताक, कमी गुळाचं कैरीचं पन्हं, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील ठेवा. आमरसात साखर घालू नका. आणि रस असेल त्या दिवशी तोच गोडाचा पदार्थ, एक वाटी.

आखाजी, कानबाई, पंगती

इथं उपासमार करून घेणाऱ्यांचं सगळं बिनसतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे आणि रस, कानबाईच्या उत्सवातले रोट, लग्नातली वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी हे पोटभर खायचे पदार्थ आहेत, ते मनापासून खा. आठवड्यात २१ वेळा खाणं होतं, त्यातल्या दोन पंगतींनी काही बिघडत नाही. बिघडतं ते पंगतीआधी दिवसभर उपाशी राहिल्यानं आणि दुसऱ्या दिवशी "आता काय, मोडलंच" म्हणून उरलेले लाडू संपवल्यानं. पंगतीला जाण्याआधी एक वाटी ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे खा. आग्रह होणारच, म्हणून पहिल्यांदा निम्मंच वाढून घ्या. काकूंनी दुसऱ्यांदा वाढलं की बरोबर मापात येतं आणि त्यांचाही मान राहतो. घरी बट्टी कराल तेव्हा वाफवून, काप करून, तळण्याऐवजी अप्पेपात्रात थोड्या तुपावर खरपूस करा.

दुसऱ्या दिवशी काट्यावर किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल. त्यातलं बरंचसं मीठ आणि पिठूळ खाण्यामुळं अंगात धरलेलं पाणी असतं, तीन-चार दिवसांत उतरतं. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी बघा.

उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट आणि वर तेल. भगर आणि शेंगदाण्याची आमटी घ्या, सोबत काकडीची कोशिंबीर.

कुठं अडतं

पहिल्या पंधरवड्यात पोट फुगणं, गॅस, कधी बद्धकोष्ठ होतं. चोथा एकदम वाढला आणि पाणी वाढलं नाही तर हे होणारच. कडधान्यं आठ तास भिजवून ते पाणी फेका, फोडणीत हिंग-ओवा घाला, पाणी वाढवा.

एकाच वेळी चारही गोष्टी बदलू नका. आधी पीठ, महिन्यानं तेल (डबा दोन महिन्यांत संपत असेल तर तेल आधी), मग बाजार, मग साखर-मीठ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवयींवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. २१ दिवसांचं गणित डोक्यातून काढून टाका.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी भाकऱ्या कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, दरदरून घाम फुटतो. किडनीच्या रुग्णांनी डाळी आपल्या मनानं वाढवू नयेत. गरोदर बाईनं भाकऱ्यांची संख्या मुळीच कमी करू नये.

तीन महिन्यांनी पुन्हा कमरेचा टेप लावा. साखरेचा त्रास असेल तर एचबीए१सी तपासणीही याच सुमारास करा, ती आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. घेर तसूभरही हलला नसेल तर तीन ठिकाणी शोधा: तेलाच्या डब्यावरची तारीख, चार वाजताच्या चहासोबतचं फरसाण, आणि रात्री नऊनंतरचं दुसरं जेवण, जे टीव्हीसमोर होतं आणि कुणीच जेवण म्हणून मोजत नाही.